लडीतील पुडी आणि पांजरापोळातील गाय

सकाळी आठच्या सुमारास तालुक्याच्या गावातील किराणा दुकानाचे शटर वर जाते. गल्ल्याला हात लावून नमस्कार होतो, उदबत्ती लागते, नवकार पुटपुटला जातो आणि मग दुकानदार एकेक लडी बाहेर काढून दाराच्या चौकटीवरील खिळ्यांना अडकवू लागतो. कॉफीची लडी, वेफर्सची, खाऱ्या शेंगदाण्यांची, मसाल्याची, मुखवासाची, शाम्पूची. पाचसहा मिनिटांत दुकानाचे तोंड चकाकत्या तोरणांनी झाकून जाते आणि आत बसलेला माणूस गिऱ्हाइकाला या तोरणांच्या फटीतूनच दिसतो. गल्ल्याशेजारी जीवदयेची पेटी असते. जवळच्या पांजरापोळासाठी तीत रोज काही ना काही पडते, आणि वर्षअखेरीस शेठजी पदरची भर घालून पावती घेतात.

लडी आणि पेटी यांच्यात हातभर अंतर असते. दोहोंचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

तो संबंध पांजरापोळात गेल्यावर कळतो. तेथे अनेकदा एखादी गाय अशी दिसते, की तिचे पोट डावीकडे फुगलेले असते आणि बरगड्या मात्र मोजता याव्यात इतक्या वर आलेल्या असतात. वैरण पुढ्यात पडून असते, ती तोंड लावीत नाही. गाय ओठांनी निवडून खाणारा प्राणी नव्हे. ती जिभेने घास ओढून घेते, फारसे न चावता गिळते आणि रवंथ सावकाश करते. उकिरड्यावर भाजीच्या देठांबरोबर जे जे जिभेला लागते, ते सारे तिच्या कोटीपोटात जाऊन पडते. तेथून पुढची वाट अरुंद असते आणि अन्न बारीक झाल्याखेरीज तिच्यातून सरकत नाही. प्लास्टिक कधीच बारीक होत नाही. ते साठत राहते, पिशव्या आणि दोऱ्यांचा पीळ बसून त्याचा गोळा बनतो, पोट भरल्याची खोटी जाणीव होते आणि जनावर भरल्या पोटी उपाशी मरते. डाव्या कुशीला छेद देऊन हा गोळा काढण्याची शस्त्रक्रिया पशुवैद्य करतात. एकेका गाईच्या पोटातून पन्नास किलोंहून अधिक प्लास्टिक निघाल्याच्या नोंदी आहेत. आंध्र प्रदेशात पुट्टपर्ती येथे काम करणाऱ्या ‘करुणा सोसायटी’ने अशा शस्त्रक्रियांच्या अनुभवावरूनच २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. त्या गोळ्यात मोठा वाटा पातळ कॅरीबॅगचा असतो. सारे पाप पुडीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. परंतु खाऊच्या वेष्टनाच्या आतल्या अंगाला मीठ, तेल, मसाला किंवा साखर चिकटून राहिलेली असते. रिकाम्या पुडीला वास असतो आणि मुक्या जनावराला तो वास पुरेसा होतो. गाईच्याही आधी तेथे मुंग्या पोहोचतात. आमरसाच्या छोट्या खोक्यात तळाशी उरलेल्या घोटात किती मुंग्या बुडून मेलेल्या असतात, हे शाळेच्या कुंपणाबाहेरचे एखादे खोके उघडून पाहणाऱ्यालाच कळेल.

आता ही पुडी आली कोठून, ते पाहू. तिचा जन्म कोणाच्या दुष्ट बुद्धीतून झालेला नाही. तमिळनाडूतील कडलूर येथील चिन्नी कृष्णन यांनी १९७० च्या दशकात शाम्पू पुडीत भरून विकण्यास आरंभ केला. सधन घरांत जी वस्तू वापरली जाते, ती हातावर पोट असणाऱ्यालाही परवडली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये ‘चिक’ हा शाम्पू काढून हीच वाट खेडोपाडी नेली. मग ज्याला ज्याला पुडीत भरता येईल, ते ते सर्व पुडीत गेले. रोजंदारीवरील माणसाच्या हाती संध्याकाळी जी रक्कम पडते, तीत महिन्याचा डबा बसत नाही; दोन रुपयांची कॉफी बसते. त्याच्या घरी साठवणीला फडताळ नसते, दुकान हेच त्याचे फडताळ असते. उधारीचा धोका टळतो, वजनकाट्यावरून होणारी कुरबुर टळते, भेसळीचा संशय टळतो. वस्तुस्थिती अशीही आहे, की शाम्पूसारख्या काही मालात मोठ्या बाटलीपेक्षा पुडीतला माल मापामागे स्वस्त पडतो. तेव्हा पुडी घेणारे गिऱ्हाईक अडाणी आहे, असे म्हणणाऱ्याने आधी त्याच्या खिशाचा हिशेब मांडावा. आपल्या समाजातील कित्येक दुकाने याच पुड्यांच्या खपावर उभी आहेत, हेही लपवण्याचे कारण नाही.

परंतु हिशेब मांडायचाच, तर तो दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. एकाच आकाराच्या एका मोठ्या पुड्यातील माल हजार लहान पुड्यांत वाटला, तर त्यांना झाकण्यास लागणारे वेष्टन दहापट होते. ही शाळेतील भूमिती आहे, तीत मतभेदाला जागा नाही. कडेच्या शिवणीची पट्टी आणि वेफर्सच्या पुड्यात फुगवटा यावा म्हणून भरलेला वायू यांचा हिशेब त्यात आणखी वाढवायचा. पाण्याचेही तेच. एक लिटर पाणी दोनशे मिलिलिटरच्या पाच बाटल्यांत भरले, की बाटलीचे पृष्ठ जवळजवळ पावणेदोन पटीने वाढते आणि झाकणे, माना व लेबले पाचपट होतात.

त्यात किमतीची एक खुबी आहे. पाच आणि दहा रुपये ही पुडीची ठरलेली स्थाने होत. नाणे बदलत नाही म्हणून किंमत बदलत नाही. कच्चा माल महागला की वजन उतरते, वेष्टन जवळपास तेवढेच राहते. म्हणजे दर महागाईबरोबर कचऱ्याचे मालाशी असलेले प्रमाण निमूटपणे वाढत जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून आणि नमकीनवरील १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा पाच रुपयांची पुडी साडेचारला विकणे अवघड आहे, त्यापेक्षा वजन वाढवू, असे अनेक उत्पादकांनी सांगितले होते. व्यापाऱ्यांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. सुट्ट्या पैशांऐवजी गोळी देण्याचा प्रसंग प्रत्येकावर आलेला आहे.

रिकाम्या पुडीचे पुढे काय होते, हा प्रश्न भंगारवाल्याला विचारावा. तो दुधाची पिशवी घेतो, कारण ती एकाच जातीच्या प्लास्टिकची असते आणि वितळवून पुन्हा वापरता येते. (तिचा कोपरा पूर्ण कापून टाकू नये, अर्धवट चिरून पिशवीलाच लटकत ठेवावा. तो इवलासा त्रिकोण कोणीही वेचत नाही आणि थेट गटारात जातो.) पाण्याची बाटली तो घेतो, तिला भाव आहे. चकाकणारी पुडी मात्र तो हातात धरत नाही. तिच्यात पॉलिस्टर, ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर आणि पॉलिथिलीन एकमेकांना असे चिकटवलेले असतात, की ते वेगळे करण्याचा खर्च मालाच्या मोलापेक्षा जास्त होतो. याच थरांमुळे मसाल्याचा वास टिकतो आणि वेफर्स मऊ पडत नाहीत. जो गुण दुकानात उपयोगी पडतो, तोच उकिरड्यावर दोष ठरतो. शिवाय एक लहान पुडी जेमतेम ग्रॅमभर वजनाची. किलोभर जमवायची, तर हजार वेळा वाकावे लागेल. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेसारखी मंडळी दारोदार वर्गीकरण करतात. तेथेही अशा वेष्टनांना भंगाराच्या बाजारात मोल नसते, ती वेगळी काढली तर बहुधा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. जी वेगळी निघत नाहीत, ती डेपोत, नाल्यात, नाहीतर धुमसत्या ढिगात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालानुसार २०२०-२१ या वर्षात देशात ४१ लाख टनांहून अधिक प्लास्टिक कचरा निर्माण झाला. त्यात पुड्यांचे वजन थोडे आणि संख्या अगणित, हीच खरी अडचण आहे.

कायद्याने या पुडीला हात घातलेला नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०११ पासून गुटखा, तंबाखू आणि पानमसाला यांच्या प्लास्टिक पुड्यांना बंदी झाली. माल थांबला नाही, पुडीचा कागद बदलला. २०१६ च्या नियमांत पुनर्वापर न होणारी बहुस्तरीय वेष्टने दोन वर्षांत बंद करण्याचे म्हटले होते. २०१८ च्या दुरुस्तीत ज्यांपासून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्यांचा दुसरा काही उपयोगही नाही अशांपुरतेच ते मर्यादित झाले, आणि भट्टीत जळणारी प्रत्येक वस्तू त्यातून सुटली. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकण्याच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. फळरसाच्या छोट्या खोक्यावरील नळी त्यात सापडली. उद्योगाने मुदत मागितली, ती मिळाली नाही, आणि पाहता पाहता कागदी नळ्या आल्या. नळी गेली, खोके राहिले. तरी या प्रसंगातून एक गोष्ट सिद्ध झाली, की जे करता येणे शक्यच नाही असे सांगितले जाते, ते नियम ठाम असला की काही महिन्यांत होते.

फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालक यांच्यावर आपले वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली. सूक्ष्म व लघु उद्योगातील ब्रँडमालक त्यातून वगळले गेले आणि किरकोळ दुकानदाराचा तर त्यात प्रश्नच येत नाही. म्हणजे खाखरा, पापड, मुखवास, फरसाण यांची घरगुती उद्योगातून निघालेली आपली कित्येक नावे कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. कायद्याच्या कक्षेबाहेर असणे आणि देण्यातून मुक्त असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे हिशेब लिहिणाऱ्या कोणालाही पटेल. देणे वहीत लिहिले नाही म्हणून ते फिटत नाही, ते दुसऱ्या कोणाच्या वहीत निघते. पुडीचे देणे आज पांजरापोळाच्या वहीत, औषधोपचार आणि शस्त्रक्रियेच्या खात्यावर निघते, आणि ते भरणारेही बहुधा तेच शेठजी असतात.

या ठिकाणी व्यापारी समाजाने आपल्याच जुन्या वह्या उघडून पाहण्यासारख्या आहेत. मुंबईचे पांजरापोळ १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने उभे राहिले. अशा संस्था केवळ पेटीत पडणाऱ्या नाण्यांवर चालत नसत. महाजन एकत्र बसून मालावर लागा ठरवीत. गाठीमागे, गोणीमागे इतके, असे. ती रक्कम व्यवहार होतानाच बाजूला निघे. पुढे बिलात ‘धर्मादा’ ही वेगळी ओळ येऊ लागली. गिऱ्हाईक मालाच्या किमतीबरोबर ती भरी आणि व्यापारी ती वेगळ्या खात्यात जमा करी. ही रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न धरून तीवर आयकर लावावा काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७९ मध्ये बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात न्यायालयाने निकाल दिला, की धर्मादा ही व्यापाऱ्याची मिळकत नव्हे, ती पहिल्यापासून धर्मकार्यासाठी बांधलेली रक्कम होय. जिवांना लागणाऱ्या खर्चाची ओळ व्यवहाराच्या आतच ओढून ठेवण्याची ही रीत ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या पाळली, त्याला वेष्टनाची जबाबदारी ही परदेशातून आलेली नवी कल्पना वाटण्याचे कारण नाही. लागा गोणीवर होता. पुडी आली, तेव्हा कोणी तो पुडीवर बसवला नाही, एवढेच.

धर्मग्रंथांच्या दृष्टीनेही व्यापार कसा करावा इतकाच प्रश्न श्रावकापुढे नव्हता, कशाचा करावा हाही होता. पंधरा कर्मादानांची यादी लहानपणी पाठशाळेत बहुतेकांनी म्हटलेली असते. हस्तिदंत, लाख, विष यांचा व्यापार तीत वर्ज्य आहे. वेफर्सचे वेष्टन त्या यादीत शोधू नये. ते तेथे नाही आणि ओढूनताणून बसवूही नये. मात्र निष्कारण होणाऱ्या हिंसेपासून दूर राहण्याचे अनर्थदंड विरमण व्रत आणि टाकाऊ वस्तू कोठे व कशी टाकावी याची जयणा सांगणारी उत्सर्ग समिती, ही दोन्ही या विषयाच्या अगदी जवळची आहेत. साधुसाध्वी टाकायची वस्तू टाकण्यापूर्वी जागा पाहतात. चालत्या गाडीच्या काचेतून बाहेर पडणारी पुडी काहीच पाहत नाही.

ज्यांना पूर्वीचा काळ आठवतो, त्यांना एका माणसापुरता खाऊ आणि एका माणसापुरते पेय ही नवी गोष्ट वाटणार नाही. गोटी सोडा एकाच माणसासाठी असे. मुंबईत आरेच्या दूध केंद्रावर काचेच्या बाटलीत, चंदेरी कागदाच्या झाकणाखाली दूध मिळे, आणि रिकामी बाटली दिल्याखेरीज भरलेली मिळत नसे. रेल्वे फलाटावर आरेचे थंडगार ‘एनर्जी’ उभ्याउभ्या पिऊन बाटली तेथेच परत केली जाई. घोट तेवढाच होता. बाटलीवर अनामत होती, म्हणून बाटली घरी परतत होती. तेव्हा दोष लहान मापाचा नाही. वेष्टनाला परतीचे तिकीट न देता पाठवण्याचा आहे. काच जड, फुटणारी, वाहतुकीला महाग, हे सर्व खरे आहे. तिच्या जागी प्लास्टिक का आले, हे कोणत्याही वितरकाला विचारावे. तरी अनामतीचे तत्त्व काचेशी बांधलेले नाही. महाराष्ट्र सरकारने दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे अनामत ठेवून ती दुकानात परत घेण्याचा विचार २०१९ च्या सुमारास मांडला होता. तो प्रत्यक्षात रुजला असता, तर आज हा लेख निराळा लिहावा लागला असता.

दुकानापेक्षाही जवळचे उदाहरण आपल्या पंगतीचे आहे. स्वामीवात्सल्यात जेवण झाल्यावर थाळी धुऊन ते पाणी पिण्याची रीत आजही ज्येष्ठ मंडळी पाळतात. थाळीत कण उरू नये, उरलेल्या उष्ट्यात अठ्ठेचाळीस मिनिटांनंतर संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होऊ नये, यासाठी ही खबरदारी. त्याच पंगतीत अलीकडे प्रत्येक पानाशी दोनशे मिलिलिटरची पाण्याची बाटली ठेवलेली असते. दोन घोट घेऊन ती बाजूला राहते, हात धुऊन आल्यावर आपली कोणती हे आठवत नाही म्हणून दुसरी उघडली जाते. पाचशे माणसांच्या जेवणात हजार बाटल्या सहज लागतात आणि त्यांतील कित्येक अर्ध्या भरलेल्या अवस्थेतच पोत्यात जातात. धुतलेली थाळी आणि अर्धी बाटली एकाच माणसासमोर असते. थाळी धुणाऱ्या आजोबांना ही विसंगती दिसते, पण यजमानाला वाईट वाटेल म्हणून ते बोलत नाहीत.

चहाच्या कागदी पेल्याने हा प्रश्न सुटतो अशी समजूत आहे. त्या पेल्याला आतून प्लास्टिकचा पातळ लेप असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की अशा पेल्यात शंभर मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटे राहिले तर त्यात प्लास्टिकचे सुमारे पंचवीस हजार सूक्ष्मकण उतरतात. ते कण कोणाच्या पोटात जातात, हे सांगायला नको.

पंगतीतील बाटली बंद करणे दुकानातील पुडी बंद करण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे, कारण येथे गिऱ्हाईक, स्पर्धक, कंपनी यांपैकी कोणीच आड येत नाही. सिक्कीम सरकारने २०१६ मध्ये सरकारी कार्यालये आणि कार्यक्रमांतून बाटलीबंद पाणी हद्दपार केले. एक राज्य जे करू शकते, ते एका संघाला न जमावे असे काही नाही. बहुतेक ठिकाणी संघाचे भांडी-भांडार असते. त्यात मोठी पातेली, पराती असतात आणि पेले मात्र अपुरे असतात. पाचशे स्टीलचे पेले एकदाच घ्यावे लागतात. दुष्काळी भागात पेले धुण्यास पाणी कोठून आणायचे, हा आक्षेप मात्र उडवून लावण्याजोगा नाही. मराठवाड्यात उन्हाळी पारण्याच्या वेळी तो खराच उभा राहतो. तेथे लहान पेला, निम्मा भरून देण्याची पद्धत आणि दोन टपांत धुणे, यांनी पुष्कळ काम भागते. वाढपी कमी मिळतात, हे खरे कारण असते; पाणी हे पुष्कळदा सांगण्याचे कारण असते. पूर्वी वाढायला घरचीच मुले उभी राहत.

प्रभावनेतही हाच विचार करता येईल. बदाम-खडीसाखरेची चिमूट चकचकीत पाकिटात घालून वर जाळीची पोटली बांधण्यापेक्षा स्टीलची छोटी वाटी द्यावी. ती घरात वर्षानुवर्षे राहते आणि देणाऱ्याचे नाव तिच्यावर टिकते.

दुकानाचा प्रश्न याहून अवघड आहे, हे कबूल केले पाहिजे. एकट्या दुकानदाराने लडी उतरवल्या, तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल आणि कचरा तेवढाच होईल. वितरकाचे लक्ष्य, कंपनीची योजना, लडीवर मिळणारे मार्जिन, यांचे ओझे त्याच्या डोक्यावर असते. तरीही काही जागा मोकळ्या आहेत. शेंगदाणे, फुटाणे, खारीक, खडीसाखर, बडीशेप, गोळ्या हा माल बरणीतून सुटा देता येतो; पाच रुपयांचे शेंगदाणे कागदाच्या पुडीत आजही बांधता येतात. यात कायदाही आड येत नाही. उलट १८ जुलै २०२२ पासून आधी बांधून लेबल लावलेल्या, पंचवीस किलोंपर्यंतच्या धान्य, डाळी, पीठ अशा मालावर ५ टक्के कर बसला आणि तोच माल सुटा विकला तर करमुक्त राहिला. सुट्या मालाच्या बाजूने इतकी स्पष्ट सवलत यापूर्वी क्वचितच मिळाली असेल. भेसळीचा संशय दूर ठेवण्याची जबाबदारी मात्र मग दुकानदाराच्या नावलौकिकावर येते. ज्या घराण्यांचे नाव तीन पिढ्या वजनकाट्यावर टिकले, त्यांना ती जड जाऊ नये.

ज्यांचा स्वतःचा खाखरा किंवा मुखवास बाजारात जातो, त्यांच्या हाती याहून अधिक आहे. पाच रुपयांच्या पुडीसाठी तीन थरांच्या चकचकीत वेष्टनाऐवजी एकाच जातीच्या प्लास्टिकचे वेष्टन वापरता येईल का, हे पुरवठादाराला विचारावे. काही मालात ते टिकाऊपणाच्या दृष्टीने चालणार नाही, काहीत चालेल. आठ दिवसांत खपणाऱ्या मालाला सहा महिन्यांचे कवच देण्याची गरज नसते, आणि गावातल्या गावात विकल्या जाणाऱ्या खाखऱ्याला तर कागद आणि पत्र्याचा डबा पुरेसा होतो. डबा परत आणून देणाऱ्याला दोन रुपये सोडणारी दुकाने पूर्वी होती.

आणि लागा? तो आजही बसवता येतो, त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. लडीच्या खाली, जीवदयेच्या पेटीच्या शेजारी, एक स्वच्छ बारदान टांगावे. रिकामी पुडी त्यात टाकणाऱ्या मुलाला दहा पुड्यांमागे एक गोळी, बरणीतली, वेष्टनाशिवायची. गावातील दहा-पंधरा दुकाने एकत्र आली, तर महिन्याकाठी जमलेला माल वितरकाच्या परतीच्या टेम्पोत घालता येईल. माल उतरवून टेम्पो रिकामाच जात असतो, आणि घाऊक बाजारपेठेच्या शहरात तो वेष्टने गोळा करणाऱ्या संस्थेकडे पोहोचवणे कंपनीला तिच्या कायदेशीर उद्दिष्टासाठी हवेच असते. वितरकाला हे सांगावे लागेल, एकदा नव्हे तर प्रत्येक बिलाच्या वेळी. तो टाळाटाळ करील. टेम्पो दोनदा बारदान न घेताच निघून जाईल. पण व्यापाऱ्याने आपली थकबाकी कशी वसूल करावी, हे व्यापाऱ्यास शिकवण्याचे प्रयोजन नाही.

पहिल्या आठवड्यात बारदानात फारसे काही पडणार नाही. शाळा सुटल्यावर येणारी पोरे आधी चौकशी करतील, मग रस्त्यावरून वेचून आणतील, कोणी घरातल्या गादीखालून काढून आणील. रात्री शटर ओढण्यापूर्वी खिळ्यावरच्या उरलेल्या लड्या उतरवताना दुकानदाराने त्या मोजाव्यात आणि बारदानातल्या पुड्याही मोजाव्यात. दोन आकडे एकाच पानावर, शेजारी शेजारी लिहावेत.